क्लॅम्पखालचा रंग

मोटरच्या केबलवर तांब्याची जी जाळी गुंडाळलेली असते, ती अर्थिंगला एका टोकाला जोडावी की दोन्ही टोकांना? माझ्या कामाच्या काळात मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. त्याचे एकदा नीट उत्तर द्यावे, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

उत्तर आधी देऊन टाकतो. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत जाणाऱ्या जाड केबलची जाळी दोन्ही टोकांना जोडावी. वजनकाट्यासारख्या नाजूक उपकरणाकडून येणाऱ्या बारीक केबलची जाळी बहुधा एकाच टोकाला, पॅनेलच्या म्हणजे विजेच्या कपाटाच्या बाजूला जोडावी. कोठेही जोडली तरी जाळीचा संपूर्ण घेर क्लॅम्पखाली, म्हणजे केबल आवळून धरणाऱ्या पट्टीखाली, उघड्या, स्वच्छ धातूवर दाबून बसला पाहिजे. जाळी पिळून तिची वेणी करून एका स्क्रूखाली अडकवली, तर जोडल्याचे समाधान मिळते, उपयोग फारसा होत नाही.

एवढे वाचून ज्यांचे काम भागले असेल त्यांनी येथे थांबण्यास हरकत नाही. पुढचे लिहिणे मला भाग आहे, कारण हे उत्तर बरोबर असूनही त्याचा एका माणसाला काहीही उपयोग झाला नाही.

मी काही वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीच्या वर्गाला शिकवत होतो. नंतर हिंगोलीतील एका ठेकेदाराकडे मोटरचे ड्राइव्ह बसवण्याचे काम धरले. तेव्हा जिल्हा परभणीच होता. आमचा वेगळा जिल्हा झाला तो पुढे. शिकवणे सुटले तरी ‘सर’ हे संबोधन सुटले नाही, आणि फळ्यासमोर उभे राहून सांगितल्यासारखे बोलण्याची सवयही सुटली नाही. वाचकांनी ती सहन करावी.

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारी पेटी. पूर्वी मोटर एक तर चालू असे, नाही तर बंद. वेग बदलायचा तर पुली बदलावी लागे. ड्राइव्ह आल्यावर एक बटण फिरवले की काम होऊ लागले. त्यासाठी ही पेटी विजेचे अतिशय बारीक तुकडे करते, सेकंदाला हजारोंच्या संख्येने, आणि ते तुकडे मोटरला पुरवते. प्रत्येक तुकड्याची कड धारदार असते. त्या धारेमुळे थोडी वीज केबलच्या आवरणातून बाहेर झिरपते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत ज्यांचे शेत आहे त्यांना हे लवकर समजेल. कालव्याला अस्तर नसेल तर पाणी शेजारच्या वावरात उतरते, आणि कोणी न सोडलेल्या पाण्याने पीक पिवळे पडते. केबलवरची जाळी हे ते अस्तर आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोकांना वाटते की झिरपलेली वीज अर्थिंगच्या खड्ड्यात गेली म्हणजे जमिनीने ती गिळून टाकली. तसे होत नाही. ती जिथून निघाली त्या ड्राइव्हकडेच तिला परत जायचे असते. जाळीतून रुंद, सरळ वाट मिळाली तर ती निमूटपणे परतते. वाट मिळाली नाही, तर लोखंडी सांगाड्यातून, शेजारच्या तारांतून, जे सापडेल त्यातून घुसत परत जाते, आणि वाटेतल्या प्रत्येक उपकरणात लुडबुड करते. या लुडबुडीला आमच्या धंद्यात ‘नॉइज’ म्हणतात. कानाला तो ऐकू येत नाही. म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

कनेरगाव नाक्यावर एका डाळमिलमध्ये मी ड्राइव्ह बसवला होता. चार दिवसांत शेजारच्या धाब्याचा मालक मिलच्या दारात येऊन उभा राहिला.

“सर, तुमची मोटर फिरली की माहा टीव्ही मुंग्या दाखवून राहिला.”

मी म्हणालो, “मोटरच्या केबलला जाळी नाही. मालकांना सांगितले आहे. जाळीची केबल आणली की बंद होईल.”

“तोवर गिऱ्हाइकाला काय सांगू? मुंग्यांचा पिक्चर हाय म्हणून सांगू?”

जाळीची केबल येईपर्यंत तो दर रविवारी पिक्चरच्या वेळी मिलमध्ये येऊन बसे आणि मुकादमाला गप्पांत गुंतवून मिल उशिरा सुरू होईल अशी व्यवस्था करी. केबल बदलली, मुंग्या गेल्या, त्याने आम्हाला जेवू घातले. दोष दिसला की माणूस दुरुस्तीची वाट पाहतो. टीव्हीचे एवढे बरे होते की दोष पडद्यावर सर्वांना दिसत होता.

कुरुंद्याजवळच्या हळदीच्या कारखान्यात तो दिसत नव्हता.

हा कारखाना बालाजीरावांचा. हळकुंडे आणायची, चक्कीत दळायची आणि पावडर कट्ट्यांत, म्हणजे लहान पोत्यांत, भरून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पाठवायची, असे काम. त्यांनी चक्कीच्या मोठ्या मोटरला ड्राइव्ह घेतला आणि त्याच वेळी कट्टे भरण्यासाठी विजेवर चालणारा काटाही घेतला. वर पावडरचा हॉपर, म्हणजे पत्र्याचे मोठे नरसाळे. ते ज्या आधारावर टांगलेले, त्यात वजन ओळखणारे लोखंडी ठोकळे. त्या ठोकळ्यांतून येणारा संदेश इतका अशक्त असतो की त्याला कुजबुज म्हणावे. हॉपरमध्ये पावडर पडू लागली की आकडा चढतो, तो ठरलेल्या वजनाला पोचला की वरची झडप आपोआप बंद होते, तेवढा माल कट्ट्यात उतरतो आणि खालचा माणूस कट्टा शिवून बाजूला करतो.

ते पॅनेल मी स्वतः उभारले. आतल्या लोखंडी पाटीवर जिथे जिथे क्लॅम्प बसणार तिथला कंपनीचा रंग मी कानशीने खरवडून काढला. कारखान्याचे इलेक्ट्रिशियन खाजाभाई शेजारी उभे होते.

“सर, नवं कोरं पॅनेल हाय. खरवडून काहून राहिलात?”

“रंगातून वीज जात नाही, खाजाभाई. क्लॅम्प रंगावर बसला तर जाळी नुसती शोभेची.”

“मालक म्हनतील, नव्या नवरीला खरूज झाली.”

मालक अगदी तसे नव्हे, पण त्याच अर्थाचे बोलले. मी ऐकून घेतले. त्या हंगामात चक्की आणि काटा दोन्ही उत्तम चालले, आणि मला त्या कामाचा अभिमान वाटत होता, हेही लिहून ठेवतो.

मग दसरा आला. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तशी तेथेही झाली. आधी सगळी यंत्रे धुऊन पुसून रंगवायची, मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. खाजाभाईंनी दरवर्षीप्रमाणे मनापासून काम केले. त्या वर्षी नवे पॅनेल होते, म्हणून त्यांनी ते आतूनही रंगवले. केबली सोडल्या, क्लॅम्प काढले, मी खरवडलेल्या जागा हिरव्या ऑइलपेंटने झाकल्या, रंग वाळू दिला आणि सगळे क्लॅम्प होते तिथे परत घट्ट आवळले. एकही तार चुकली नाही.

त्याच मुहूर्तावर बालाजीरावांनी परसराम राठोडला कट्टे भरण्याच्या काट्यावर बसवले. परसराम जवळच्या बंजारा तांड्यावरचा. अनेक वर्षे तो तेथे पोती उचलत होता. नवे काम दसऱ्याला सुरू करावे अशी रीत, त्यामुळे त्याला काट्यासमोर उभे करून मालकांनी कुंकू लावले, हातात पेढा ठेवला. त्याची बायको लेकराला घेऊन बघायला आली होती, असे खाजाभाईंनी मला नंतर सांगितले.

म्हणजे एकाच सणाला दोन गोष्टी बदलल्या. काट्यावरचा माणूस बदलला, हे सर्वांनी पाहिले. क्लॅम्पखाली रंग गेला, हे कोणीही पाहिले नाही.

पुढे काही दिवसांनी व्यापाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. कट्टे हलके येत होते. फाटकाजवळ जुना लोखंडी काटा होता, ज्यात विजेचा संबंध नाही. त्यावर भरलेले कट्टे ठेवून पाहिले, खरोखरच हलके. मग हॉपरचा काटा तपासला. मापे टांगली, आकडा अचूक आला. पुन्हा टांगली, पुन्हा अचूक. बालाजीराव पद्धतशीर मनुष्य होते, त्यांनी बाहेरून काटेवाला बोलावून तिसऱ्यांदा तपासून घेतले. काटा निर्दोष ठरला.

आता येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. काटा बरोबर, कट्टा हलका. मधे एकच माणूस. तर्कात कोठे चूक आहे? तर्कात चूक नव्हती. चूक एवढीच होती की तिन्ही वेळा काटा तपासताना चक्की बंद होती. चालू चक्कीच्या धुरळ्यात हॉपरजवळ मापे घेऊन उभे राहवत नाही, म्हणून ती बंद करण्याचा तेथे रिवाजच होता. चक्की बंद म्हणजे ड्राइव्ह बंद, ड्राइव्ह बंद म्हणजे लुडबुड बंद. गुन्हेगाराला बाहेर पाठवून घराची झडती घ्यावी, असा तो प्रकार होता.

परसरामला आवारात उभे केले. हमाल, गाडीवाले, हळद घेऊन आलेले शेतकरी, सगळ्यांसमोर त्याचे कपडे झाडले. पिवळी पूड पडली. त्या कारखान्यात मालकांच्या टोपीतूनही पिवळी पूड पडली असती. मग दोघे जण तांड्यावर जाऊन त्याचे घर पाहून आले. डब्यात हळद सापडली. आमच्या भागात हळद नसलेले घर दाखवा, असे कोणी म्हणाले नाही. तांड्यावरचा आहे, एवढे मात्र कोणीतरी म्हणाले, आणि त्या वाक्यावर सगळ्यांच्या माना डोलल्या. मी तेथे नव्हतो. हे मला तिघांनी वेगवेगळे सांगितले, आणि माना डोलल्या ही गोष्ट तिघांच्याही सांगण्यात होती.

परसराम मला शोधत हिंगोलीला आला. दुकानाच्या पायरीवर बसला, आत यायला तयार नव्हता.

“सर, मशीन तुमी बशिवली. तुमी एकडाव येऊन बघा.”

“काय बघू, परसराम?”

“मला काय ठावं. मी कट्टा उघडला न्हाई. मंग हलका कसा भरला, ते तुमी बघा.” मग तो म्हणाला, “काम गेलं तर जाऊ द्या. तांड्यावर पोरं माह्या लेकराला चोराचं म्हनून राहिलीत. तेवढं मिटवा.”

त्याचे मागणे एवढेच होते. पुढचे सगळे याच एका मागण्याविषयी आहे.

मी कुरुंद्याला गेलो. बालाजीराव नाराज नव्हते, पण गंभीर होते. “या सर. पण काट्याचं पाहायचं असेल तर तीनदा झालंय.”

मी म्हणालो, “चौथ्यांदा माझ्या पद्धतीने पाहू.”

हॉपर रिकामा करून मापे टांगली. आकडा अचूक. मग मी म्हणालो, “आता चक्की सुरू करा. हळद सोडू नका, रिकामीच फिरू द्या.”

ड्राइव्हने वेग घेतला आणि आकडा वर सरकला. थरथरला, पुन्हा थोडा सरकला आणि तिथेच रेंगाळला. मापे तीच, आकडा मोठा. काटा असे सांगत होता की हॉपरमध्ये आहे त्याहून अधिक माल आला आहे. म्हणून झडप लवकर मिटत होती आणि कट्टा हलका राहत होता.

बालाजीरावांनी योग्य शंका काढली. “चक्कीचा हादरा बसतोय, सर. पत्रा हालतोय म्हणून आकडा हालतोय.”

विद्यार्थ्याने विचारावी अशीच ती शंका होती. मी मोटरचे पट्टे उतरवायला लावले. आता मोटर फिरत होती, चक्की उभी होती, हादरा नव्हता. आकडा तरीही वर होता. ड्राइव्ह बंद केला. आकडा जागेवर आला. चालू केला, पुन्हा वर गेला.

खाजाभाई मीटर घेऊन आले. जाळी आणि अर्थिंग यांना टोके लावली, मीटर वाजला. “अर्थिंग बराबर हाय सर. मीटर बोलून राहिला. आन मी खड्ड्यात मीठ बी टाकलं, पानी बी टाकलं.”

मीटर खोटे बोलत नव्हता. क्लॅम्पचा स्क्रू पाटीच्या आट्यांत अडकलेला असतो, तेवढ्या बारीक वाटेने मीटरची संथ वीज सहज जाते. पण ड्राइव्हची झिरपलेली वीज अतिशय वेगाने दिशा बदलणारी असते. तिला स्क्रूएवढी बोळ पुरत नाही, रुंद पृष्ठभाग लागतो. मी पहिला क्लॅम्प सोडला. खाली गुळगुळीत हिरवा रंग होता, आणि त्यावर जाळीचा नक्षीसारखा ठसा उमटला होता.

मी कानस मागितली. एकेक जागा खरवडून क्लॅम्प परत बसवले. शेवटचा आवळल्यावर ड्राइव्ह सुरू केला. आकडा हलला नाही.

मी कानस खाली ठेवली. मग खाजाभाईंनी हळूच विचारले, “म्हंजे त्याला चोर मी केला का, सर?”

मी नाही म्हणालो. रंग देणाऱ्याने रंग दिला, चोर म्हणणारे दुसरे होते. पण ते तिथेच, पॅनेलला टेकून बसून राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

बालाजीरावांना मी कार्यालयात बाजूला घेऊन म्हणालो, “आता परसरामला बोलवा.”

“बोलावतो की. निरोप देतो, कामावर ये म्हणून.”

“नुसते कामावर नव्हे. आवारात सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटले होते. तिथेच, सगळ्यांसमोर सांगा की दोष यंत्राचा होता.”

ते बराच वेळ हातातले पेन उघडझाक करत राहिले. “सर, मशीनचं पटलं मला. पण घरात हळद निघाली ती?”

“तुमच्या घरात निघणार नाही?”

“तुम्ही बोलता शाळेतल्यासारखं. उद्या मी हमालांपुढं चुकलो म्हटलं, तर परवापासून एकाला बोलता येणार नाही मला. कामावर घेतो म्हणतोय, यातच सगळं आलं.”

मी आणखी एक सुचवले. तांड्याचे नाईक आणि दोन जाणती माणसे येथे येऊ द्या. मापे टांगून, क्लॅम्प सोडून आणि आवळून मी त्यांना आकडा दाखवतो. डोळ्यांनी पाहिले की प्रश्न मिटेल. बालाजीराव उठून उभे राहिले. “कारखाना आहे सर हा, जत्रा नाही.”

दाखवता येईल अशी एकच जागा त्या जगात होती, आणि तिचे दार बंद झाले.

मी तांड्यावर गेलो. नाईकांच्या ओसरीवर माणसे जमली. परसराम खांबाला टेकून उभा होता. मी शक्य तितके सोपे करून सांगितले. वीज कशी झिरपते, जाळी काय करते, रंग का आडवा येतो, चक्की बंद असताना काटा बरोबर का दाखवतो. खडूफळा नव्हता, म्हणून जमिनीवर काडीने आकृती काढली. मी अनेक वर्षे मुलांना शिकवले आहे; इतके स्वच्छ मी क्वचित शिकवले असेन.

एक म्हातारे गृहस्थ शांतपणे ऐकत होते. त्यांनी विचारले, “म्हंजे काटा खोटं बोलला?”

“होय. चक्की चालू असताना.”

“आन बंद असली की खरं बोलतो?”

“होय.”

“आन काटा तपासाया आले की चक्की बंद ऱ्हाती?”

“होय, बाबा.”

ते आजूबाजूला पाहून म्हणाले, “बेस हाय. असा गवाह आमाला बी पायजे व्हता.” लोक हसले. मागून कोणीतरी म्हणाले, “मास्तरला परसानं किती कट्टे दिले, इचारा.” पुन्हा हसले, या वेळी जरा मोठ्याने.

नाईकांनी हसणाऱ्यांना गप्प केले आणि मला समजुतीने म्हणाले, “सर, तुमी सांगता ते खरं बी असंल. पर ते आमाला समजत न्हाई. जे समजत न्हाई त्यावर पंचांत कसं बोलावं? मालक येऊन एक शबुद म्हनले, की पोरगं चोर न्हाई, तर ते आमाला समजंल.”

त्यांचे म्हणणे रास्त होते. अडचण हीच होती की सर्वांचेच म्हणणे रास्त होते, आणि मधे एक निर्दोष माणूस उभा होता. माझे उत्तर इतके बारीक होते की ते सबबीसारखे दिसत होते. चोरी हा शब्द सर्वांना येतो. जाळीचा संपूर्ण घेर क्लॅम्पखाली असावा, हे कोणाच्या तोंडात बसत नाही.

परसराम मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

“मालकांनी कामावर यायला सांगितले आहे,” मी म्हणालो.

“व्हय, खाजाभाईचा निरोप आला.”

“मग?”

“चोर म्हनले तवा सारं आवार भरलं व्हतं, सर. आता निरोप धाडून राहिलेत. मी गेलो तर लोकं म्हनतील, मालकानं दया केली, चोराला ठिवून घेतलं.” थोडे चालल्यावर तो म्हणाला, “तुमी आलात, बास झालं.”

बास झाले नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होते. पुढच्या महिन्यात तो बायकोलेकरांना घेऊन तेलंगणाकडे कामाला निघून गेला. कोणत्या गावी, ते खाजाभाईंनाही ठाऊक नव्हते. नंतर त्याची माझी भेट झाली नाही.

दोष सापडला त्या दिवशी कारखान्यातून निघण्यापूर्वी मी पॅनेलच्या दाराच्या आत लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते : क्लॅम्पखाली रंग लावू नये. खाजाभाईंनी त्यावर मान डोलावली होती. पण त्यांचे मन तिथे रमेना. उन्हाळ्यात ते वसमतला दुसऱ्या कामावर गेले. पुढच्या दसऱ्याला बालाजीरावांनी बाहेरचा रंगारी लावला. त्याने पॅनेल आतबाहेर रंगवले. माझी लाल अक्षरेही रंगवली. रंगाऱ्याच्या दृष्टीने तो दारावरचा डाग होता.

दसरा होऊन थोडे दिवस झाले आणि बालाजीरावांचा मला फोन आला. “सर, कट्टे हलके भरू लागलेत. जाळीचं काही झालंय वाटतं. एकदा येऊन जा.”

मी गेलो. क्लॅम्प सोडले, रंग खरवडला, आकडा जागेवर आला. अर्ध्या दिवसाचे काम. काट्यावर बालाजीरावांचा मेहुणा बसला होता. मी हात पुसत विचारले, “या वेळी कोणाचे कपडे झाडले नाहीत?”

मेहुण्याला अर्थ लागला नाही. बालाजीरावांना लागला. ते म्हणाले, “चहा घ्या सर,” आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मी चहा घेतला नाही. याने काही साधले असे मला वाटत नाही. त्या दिवशी परतताना मला स्वच्छ दिसले की विद्या त्यांना पोचली होती. आकडा का सरकतो, जाळी म्हणजे काय, हे बालाजीरावांना माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याइतके कळले होते. आपल्या माणसाच्या वेळी त्यांना ते आठवलेही. मी आयुष्यभर समजत आलो की लोकांना कळत नाही म्हणून अन्याय होतो, आणि शिकवले की तो थांबेल. या समजुतीवर मी वर्ग चालवले होते. ती समजूत आता माझ्याजवळ नाही, आणि तिच्या जागी दुसरे काही आलेलेही नाही.

पुढे अनेक वर्षे दसऱ्यानंतरचा महिना माझा धावपळीचा असे. सरकीचे कारखाने, डाळमिली, पाण्याच्या मोटरी; कोठे वेग आपोआप बदलतो, कोठे टाकी भरल्याचे खोटे दिवे लागतात. बहुतेक ठिकाणी क्लॅम्पखाली नवा रंग सापडे. मी खरवडत राहिलो. प्रत्येक ठिकाणी मी एक प्रश्न विचारीत असे, की या काळात कोणाला कामावरून काढले का? काही जण नाही म्हणत. काही जण उत्तर देण्याआधी जरा थांबत. त्या थांबण्यात कोण कोण होते, हे मी शोधू शकलो नाही.

ज्यांच्या गिरणीत, मिलमध्ये किंवा विहिरीवर ड्राइव्ह आहे त्यांना माझी विनंती आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. दसरा झाला की वजन माहीत असलेले एक माप काट्यावर ठेवा. यंत्र बंद ठेवून आकडा पाहा, मग यंत्र चालू करून तोच आकडा पाहा. फरक आला तर मुख्य वीज तोडा, जाणत्या इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प सोडायला सांगा आणि त्याखाली काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एवढे करून पाहिल्याशिवाय कोणाचे कपडे झाडू नका.